साचे, सराव आणि मराठी वाक्य

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती आजवर जी सरावाची पुस्तके पडली, त्यांची गणना वाङ्मयात होत नाही, आणि व्हावी असा आमचाही आग्रह नाही. तथापि ह्या पुस्तकांतील वाक्ये आमच्या कित्येक पिढ्यांनी मोठ्याने म्हटली आहेत, पाटीवर व वहीत उतरली आहेत, परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा गिरवली आहेत. इतके पठण आमच्या फारच थोड्या कवींच्या वाट्यास आले असेल. जे लेखन इतक्या मुखांतून जाते ते त्या मुखांना काही वळण लावल्यावाचून राहत नाही. ते वळण कोणते हे पाहणे टीकाकाराच्या कक्षेबाहेरचे आहे असे आम्हांस वाटत नाही. विषय इंग्रजीचा आणि पाने मराठीच्या अकादमीची, ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु इंग्रजी वाक्यांच्या सरावाची झळ जिला लागली ती भाषा मराठीच आहे, हे पुढे दिसून येईल.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत पाचवीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला बसण्याचा योग आला. शिक्षक तयारीचे होते. त्यांनी खूण करताच एक मुलगा उठला, दाराशी गेला, आणि दार उघडता उघडता ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ असे स्वच्छ म्हणाला. वर्गाने एका सुरात ‘ही इज ओपनिंग द डोअर’ अशी साथ दिली. मग खिडकी झाली, फळा झाला, पुस्तक झाले. चूक एकही नाही. तास संपल्यावर आम्ही त्याच मुलाला इंग्रजीतच विचारले की, काल तू शाळेत का आला नव्हतास? मुलगा बराच वेळ उभा राहिला आणि मग हळूच मराठीत म्हणाला, ‘आजीला दवाखान्यात न्यायचं होतं.’

ह्या वाक्याला लागणारे शब्द त्याला येत नव्हते असे नाही. आजी, दवाखाना, नेणे हे तिन्ही शब्द त्याच्या वहीत अर्थासह लिहिलेले होते. नव्हता तो त्यांना बांधणारा साचा. जो साचा त्याला बिनचूक येत होता त्याची मात्र कोणालाच गरज नव्हती. दार उघडताना ‘मी दार उघडत आहे’ असे भोवतालच्यांना सांगणारा मनुष्य निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. ह्यात त्या शिक्षकांना बोल लावावा असे काही नाही. त्यांच्या हाती पुस्तक आले तेच तसे आले, आणि त्या पुस्तकाच्या मागे मोठी परंपरा आहे.

परंपरेचा आरंभ आमच्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून धरावयास हरकत नाही. तिचे तीन भाग ज्या घरात नव्हते असे शिकलेले मराठी घर एके काळी विरळाच होते, आणि ते आजही छापले जातात. नियम मराठीत सांगावा, त्याखाली काही इंग्रजी वाक्ये मराठी करण्यास द्यावीत, मग काही मराठी वाक्ये इंग्रजी करण्यास द्यावीत, ही तिची रीत. भांडारकरांच्या संस्कृत मार्गोपदेशिकेची चाकोरीही हीच. ह्या पद्धतीला पुढच्या काळात पुष्कळांनी नावे ठेवली. तिने मनुष्य इंग्रजी वाचू लागतो, पण बोलू लागत नाही, हा आक्षेप खराही आहे. तरी तिचा एक गुण तिच्या टीकाकारांना दिसला नाही. तिने दोन भाषा विद्यार्थ्यापुढे शेजारी शेजारी मांडल्या. इंग्रजी वाक्य जेथे मराठीची वाट सोडून जाते ती जागा तिच्यात नजरेस पडत असे, मग तिचा उलगडा होवो वा न होवो.

तिचा दोष निराळाच आहे. भाषांतरासाठी दिलेले मराठी वाक्य सोपे जावे म्हणून ह्या धर्तीच्या पुस्तकांनी मराठीलाच वाकविले. इंग्रजीतील ‘अ’ ह्या उपपदाला काही तरी उत्तर हवे, म्हणून ‘तो एक प्रामाणिक मनुष्य आहे’. बारा काळांना बारा मराठी रूपे हवीत, म्हणून ‘मी दोन तास लिहीत आलेला असेन’. असली मराठी कोणाच्या आईने कधी बोलली नाही. ती केवळ इंग्रजी वाक्याची सावली आहे. विद्यार्थी सावलीवरून वस्तू काढावयास शिकला, आणि खऱ्या मराठी वाक्यापुढे उभा राहिला की अडखळला.

प्रयोगाच्या प्रकरणात ह्याचा कळस झाला. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणि प्रयोग. क्रियापद कर्माप्रमाणे चालते. आंब्याच्या जागी भाकरी आली की ‘खाल्ली’ होते. मराठीचा हा स्वभावच आहे, आणि दामल्यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांची चर्चा किती बारकाईने झाली आहे हे वाचकांस सांगावयास नको. परंतु ‘पॅसिव्ह व्हॉइस’ला प्रतिशब्द म्हणून शाळेत ‘कर्मणि प्रयोग’ हेच नाव वापरले गेले. नाव एक, म्हणून वस्तू एक, असे मुलांनी मानले तर नवल नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ ह्याचे इंग्रजी ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे करणारे विद्यार्थी आम्हांस दरवर्षी भेटत आले आहेत. त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. चूक नाव ठेवणाऱ्याची आहे. पुढे ह्याच सरावातून उलट वाटेने ‘रामाकडून रावण मारला गेला’ अशी वाक्ये मराठीत रुळली, आणि शालेय व्याकरणांना त्यांच्यासाठी ‘नवीन कर्मणि’ असा एक वेगळा प्रकार नोंदवावा लागला. आज कोणताही सरकारी अहवाल उघडावा, त्यात काम करणारा मनुष्य दिसत नाही. सर्व काही कोणाकडून तरी ‘करण्यात येते’. ह्या सगळ्याचे खापर एका पाठमालेवर फोडणे अन्यायाचे होईल, पण भाषांतराच्या वहीचा त्यात वाटा नाही असे म्हणणेही धाडसाचे आहे.

भाषांतरमालेशेजारी रेन आणि मार्टिन ह्यांचे व्याकरण असे. त्यावर येथे फार लिहीत नाही. ते पृथक्करणाचे पुस्तक आहे. झालेले वाक्य कसे उकलावे हे त्यात आहे, न झालेले कसे जुळवावे हे थोडे. एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. त्यातील रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले, आणि 1924 साली ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहून जगभर वाचले गेलेले कादंबरीकार पी. सी. रेन. वाळवंटातील किल्ल्यावरची लढाई रंगविणाऱ्या लेखकाच्या हातूनही सरावाची वाक्ये उतरली ती निर्जीवच. सरावाच्या वाक्याला बोलणारा नसतो, ही समजूत इतकी खोल रुजली होती.

खरी विचारक्रांती झाली ती ए. एस. हॉर्नबी ह्यांच्या ग्रंथांनी. हॉर्नबी 1924 साली जपानात इंग्रजी शिकविण्यास गेले, आणि तेथे हॅरल्ड पामर ह्यांच्या सहवासात त्यांची दृष्टी घडली. त्यांचा विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश 1942 मध्ये टोकिओत निघाला, आणि 1954 मध्ये ऑक्सफर्डने त्यांचे इंग्रजी वाक्यबंधांवरील मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. शिकणाऱ्याला वाक्य उकलता येण्यापेक्षा जुळविता येणे अधिक अगत्याचे आहे, हा त्याचा गाभा. इंग्रजी क्रियापदांचे त्यांनी पंचवीस बंध लावून दाखविले. ‘इंटेंड’, ‘वॉन्ट’, ‘प्रपोज’ ह्यांच्यापुढे ‘टू कम’ चालते, म्हणून विद्यार्थी ‘सजेस्ट टू कम’ म्हणतो. ‘टेल मी’, ‘शो मी’ चालते, म्हणून ‘एक्सप्लेन मी’ म्हणतो. ही त्यांची उदाहरणे प्रसिद्धच आहेत. शब्दाचा अर्थ ठाऊक असणे म्हणजे शब्द येणे नव्हे, त्याचा शेजार ठाऊक असला पाहिजे, हे इतक्या स्पष्टपणे आधी थोड्यांनीच सांगितले असेल. आम्ही हे पुस्तक श्रेष्ठ मानतो.

तरीही मराठी वाचकास त्यात एक उणीव भासते. ‘एक्सप्लेन मी’ ही चूक हॉर्नबी इंग्रजीतल्या इंग्रजीत समजावून देतात. एका इंग्रजी क्रियापदाच्या वजनावर विद्यार्थी दुसरे वापरतो, एवढेच त्यांचे निदान. मराठी मुलाच्या चुकीचे मूळ बहुधा त्याहून जवळ असते. ‘मला वाट दाखवा’, ‘मला अर्थ सांगा’, ‘मला हे समजावून द्या’: मराठीत तिन्ही ठिकाणी ‘मला’ एकच. इंग्रजी पहिल्या दोघांना नुसते ‘मी’ देते आणि तिसऱ्याला ‘टू मी’ देते. आमच्या मुलाला इंग्रजीचा हा भेदभाव दाखवावयाचा तर तीन मराठी वाक्ये एका ओळीत मांडणे ह्याहून सोपा उपाय नाही. हॉर्नबींनी हे करावयास हवे होते असे नव्हे. ते मराठीसाठी लिहीत नव्हते. करावयास हवे होते ते आम्ही.

आम्ही केले ते दुसरेच. 1950 नंतरच्या दशकात मद्रासकडून रचनापद्धती आली आणि राज्याराज्यांच्या पाठ्यक्रमांत शिरली. साचे निवडावेत, सोप्याकडून कठिणाकडे लावावेत, एका वेळी एक घ्यावा, तोंडी सराव करून घ्यावा आणि वर्गात मातृभाषेला शक्य तितके बाहेर ठेवावे, असे तिचे स्वरूप. क्रम लावण्याची कल्पना चांगलीच होती. परंतु आरंभी कोणता साचा घ्यावा हे ठरविताना ‘वर्गात करून काय दाखविता येते’ ह्या कसोटीस महत्त्व आले. दार उघडणे करून दाखविता येते. म्हणून ‘आय ॲम ओपनिंग’ पहिल्या पाठांत आले. काल आजी आजारी होती हे करून दाखविता येत नाही. म्हणून भूतकाळ मागे पडला.

ह्यावरची पहिली मोजून केलेली टीका आपल्याच शेजारी झाली, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. हैदराबादेस 1958 मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली. तीच 2007 पासून इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ आहे. तेथे एच. व्ही. जॉर्ज ह्यांनी इंग्रजी क्रियारूपांची मोजदाद करून 1963 मध्ये प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की, ज्या चालू वर्तमानकाळावर आमचे पहिले वर्ष खर्ची पडते तो इंग्रजी लिखाणात अगदी थोडा येतो, आणि साधा भूतकाळ पदोपदी येतो. पुढे 1999 मध्ये निघालेल्या लाँगमनच्या बृहद्व्याकरणाने चार कोटींच्या आसपास शब्दांचा साठा तपासून तेच सांगितले: क्रियापदे शेकडा नव्वदच्या सुमारास साध्या रूपात असतात. म्हणजे जो साचा सर्वांत कमी लागतो तो आम्ही सर्वांआधी आणि सर्वांत अधिक घोटवून घेतला.

परिणाम आपल्या कानांवर रोज पडतो. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट नोइंग हिम’. निसीम इझिकेल ह्यांनी ह्या लकबीवर विनोदी कविता रचल्या आणि आपण हसलो. पण ही लकब आली कोठून ह्याचा विचार केला नाही. ती मराठीतून आली असे सांगून शिक्षक मोकळे होतात. ते पटण्याजोगे नाही. मराठीत आपण ‘मी त्याला ओळखतो’ असे म्हणतो, ‘ओळखत आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ ह्यातल्या ‘आहेत’वर कोणी बोट ठेवील, पण ‘ओळखतो’मध्ये ‘आहे’ कोठेच नाही, तरी ‘ॲम नोइंग’ होतेच. आमच्या मते ही चूक बऱ्याच अंशी वर्गाने पेरलेली आहे. पहिल्या वर्षी जो साचा अंगात मुरतो तो पुढे नको तेथेही डोके वर काढतो.

उलट ज्या चुका खरोखर मराठीतून येतात त्यांच्याकडे रचनापद्धतीने पाहिलेच नाही, कारण मराठी वर्गाबाहेर उभी होती. ‘तो कालच आला आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत ‘हॅज कम’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ ह्यांत आम्हांस एकच ‘पासून’. इंग्रजीला कालावधीसाठी ‘फॉर’ हवे आणि आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’. ह्या जागा मोजक्या व नेमक्या आहेत. सराव हवा तो ह्यांचा.

आणि सर्वांत मोठी जागा म्हणजे पुन्हा ‘मला’. मला भूक लागली, मला ताप आला, मला गाणे आवडते, मला पोहता येते, मला जावे लागले, मला जायचे आहे. ह्या सहा वाक्यांत मराठी मनुष्य कर्ता नाही. भूक, ताप, गाणे त्याच्याकडे येतात, आणि तो त्यांचा स्वीकार करतो. इंग्रजी सहाही ठिकाणी त्याला ‘आय’ करून वाक्याच्या तोंडाशी उभे करते, आणि पुढे दर वेळी निराळे क्रियापद मागते. त्याच्या उलट ‘हॅव’चे. ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याजवळ छत्री आहे’, ‘घराला चार खिडक्या आहेत’, ‘आज शाळेला सुट्टी आहे’: नाते, वस्तू, अवयव ह्यांत मराठी जो सूक्ष्म विवेक करते तो इंग्रजी करीत नाही, सर्वांना एक ‘हॅव’ पुरते. ही दोन पाने ज्या पुस्तकात समोरासमोर छापली जातील त्या पुस्तकाने विद्यार्थी इंग्रजी तर शिकेलच, पण आपण जन्मभर बोललेली मराठी किती नीटस आहे हेही त्याच्या प्रथमच ध्यानात येईल.

आता त्या मुलाचे वाक्य पाहू. ‘आजीला दवाखान्यात न्यायचं होतं.’ ह्यात कर्ताच नाही. कोणी न्यायचे होते? वडिलांनी, त्याने, की घराने मिळून? मराठी घरात हे विचारावे लागत नाही. ‘न्यायचं होतं’ म्हणजे न्यावे लागले, की न्यावे असा बेत होता? तेही सांगावे लागत नाही. इंग्रजी मात्र दोन्ही प्रश्न विचारल्यावाचून वाक्याचा आरंभच करू देत नाही. मुलगा गप्प राहिला तो अज्ञानामुळे नव्हे. कोणीही त्याला न सांगितलेल्या दोन प्रश्नांपाशी तो अडला होता.

असा फरक पार करणे मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी समजू नये. बेळगावकडची मराठी मुले दोन भाषांत हे रोज करतात. मराठीत ‘मी पुस्तक वाचले’, ‘मी गोष्ट वाचली’. क्रियापद कर्मापाठोपाठ बदलते. कानडीत दोन्हींना ‘ओदिदे’ हेच, कारण तेथे क्रियापद बोलणाऱ्याचे ऐकते. खेळताना मूल एका वाटेवरून दुसरीवर जाते आणि अडखळत नाही. त्याला कोणी तक्ता दिलेला नाही. दिलेले असते ते बोलण्याचे कारण.

नेमक्या ह्याच मुद्द्यावर एन. एस. प्रभू ह्यांनी 1979 ते 1984 ह्या काळात बंगळूर व मद्रासच्या शाळांत प्रयोग केला आणि 1987 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. साचे शिकवूच नयेत, मुलांना नकाशा, वेळापत्रक अशी सोडविण्याजोगी कामे द्यावीत, मन अर्थात गुंतले की रचना मागोमाग येते, असे त्यांचे म्हणणे. त्यातील सत्यांश आम्हांस मान्य आहे, पण साचा अजिबात टाकणे पटत नाही. ज्या मुलाच्या कानावर वर्गाबाहेर दिवसभरात एक इंग्रजी वाक्य पडत नाही, त्याच्याकडे रचना मागोमाग येईल कोठून? स्वतःच्या बळावर शिकणाऱ्या प्रौढांत आज रेमंड मर्फी ह्यांचे 1985 चे पुस्तक चालते. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव, भाषा निवळशंख, वाक्येही बहुधा कोणी तरी कोणाला म्हणेल अशी. ते चांगले आहे. मात्र ते सर्व जगासाठी असल्यामुळे मराठी मनुष्याला त्यातील निम्मा सराव अनावश्यक आणि हवा तेथे अपुरा ठरतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. मराठीच्या बाजूने लिहिलेले, तर्खडकरांची शेजारी मांडण्याची दृष्टी आणि हॉर्नबींची जुळविण्याची दृष्टी एकत्र आणणारे, आणि मराठी वाक्य न वाकविणारे सरावपुस्तक आमच्या अकादमीसारख्या संस्थांनी हाती घ्यावयास काय हरकत आहे? मराठीच्या संस्थेने इंग्रजीचे पुस्तक काढू नये असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की, त्यातील मराठी वाक्ये दुसरे कोण नीट लिहिणार?

त्या पाचवीच्या शिक्षकांशी आमचे त्या दिवशी बोलणे झाले होते. महिन्याभराने त्यांचे पत्र आले. त्यांनी हजेरीपट पुढे घेऊन प्रत्येक मुलाला गैरहजेरीचे खरे कारण मराठीत विचारले होते, आणि ती कारणे फळ्यावर ‘आय हॅड टू’ ह्या दोन-तीन शब्दांपुढे एकाखाली एक मांडली होती. कोणाला धाकट्या बहिणीला सांभाळायचे होते, कोणाला भात लावायचा होता, कोणाला गावच्या जत्रेला जायचे होते. (जत्रेला ‘हॅड टू’ लावावे की ‘वॉन्टेड टू’, ह्यावर वर्गात बराच वाद झाला, असे त्यांनी लिहिले आहे.) तक्ता सोळा ओळींचा झाला. आजीचे वाक्य तिसऱ्या ओळीत होते. त्या मुलाने ते म्हटले, आणि न विचारता पुढे आणखी एक जोडले की, ती आता बरी आहे, ‘सिन्स टू डेज’. शिक्षकांनी तेथे त्याला थांबविले नाही. ‘सिन्स’चा तक्ता पुढच्या आठवड्यात घ्यावा असे त्यांनी ठरविले आहे.